लतीफबाबांची पाखाडी

"म्हणजे पाहुणा दारात आला, की त्याचा खिसा चाचपायचा. असंच ना, बाबा?"

लतीफबाबा टेकडीच्या माथ्यावर बसून सुटलेली पायरी बसवत होते. हात कोपरापर्यंत तांबड्या मातीनं माखलेले.

मनोहर तोडणकर वर आला आणि धाप लागलेली असतानाच सुरू झाला. किनाऱ्यावरचं सगळ्यात मोठं लॉज त्याचं. त्यामुळे लॉजवाल्यांचा म्होरक्याही तोच. आज दुपारी ग्रामसभा होती. लॉजच्या खोलीमागचा कर वाढवायचा, त्यातून दवाखान्यात डॉक्टर आणायचा, किनाऱ्यावर बुडणाऱ्याला काढणारी माणसं ठेवायची, असा ठराव येणार होता. तो पडावा म्हणून हा गडी आठवडाभर रोज टेकडी चढत होता. कारण कोळीवाडा या फकिराच्या शब्दाबाहेर नाही. बाबा नको म्हणाले, तर कोळीवाड्यातला एक हात वर जायचा नाही.

"एक शब्द टाका, बाबा. दुसरं काही मागत नाही."

"कालही मागितलास. परवाही मागितलास. माझा कान आहे की तुझ्या लॉजची बेल?"

"आज शेवटचं."

"हेही काल म्हणालास."

...

"अहो, कर माझ्या खिशातनं जाणार नाही, हे मलाही कळतं. पाहुण्याच्याच बिलात चढणार."

"मग बोंबलतोस का?"

"पाहुण्यासाठी! चार दिवस समुद्र बघायला आलेला माणूस तो. आमच्या दवाखान्याशी त्याचं देणंघेणं काय? परक्या माणसानं आमच्या गावचं ओझं का उचलावं? उद्या गाडी वळवून पलीकडच्या गावात जाईल, आणि माझ्या खोल्यांत वटवाघळं लटकतील!"

"गेल्या मे महिन्यात तुझा पाहुणा बुडत होता. काढला कोणी?"

"कोळ्यांनी."

"दवाखान्यात नेलास?"

"दवाखान्याला कुलूप. तालुक्याला नेला. माझ्या जीपनं नेला, बाबा! वाचला ना?"

"नशिबानं वाचला."

"वाचला ना? झालं तर मग!"

बाबांनी कपाळावर हात मारून घेतला. कपाळ तांबडं झालं.

खालून धापा ऐकू आल्या. एक बाई वर आली, पोटाशी भलाथोरला दगड धरून. मागून नवरा, त्याच्याही खांद्यावर दगड.

बाबांच्या टेकडीची रीतच तशी. वर येणाऱ्यानं खाडीकाठचा एक दगड उचलून आणायचा. बाबा तो मातीत ठोकून पायरीत बसवतात. ही पाखाडी, म्हणजे पायथ्यापासून माथ्यापर्यंतची पायऱ्यांची वाट, अशीच झाली. कुठला कोण माणूस, त्याचा दगड. आधी इथं नुसती करवंदीची जाळी होती.

"बाबा, हा कुठं ठेवू?" बाईनं विचारलं. मग तिचं लक्ष गेलं. "अगंबाई, तोडणकर! आम्ही तुमच्याच लॉजवर उतरलोय की! तुम्ही पण आलात? तुमचा दगड कुठला?"

मनोहरनं रिकामे हात पाठीमागे घेतले.

"मी... मी इथलाच आहे ना."

"असं होय," बाई म्हणाली. तिला काही कळलं नाही.

"जड झाला का गं, मुली?" बाबांनी विचारलं.

"झाला की! दोनदा टेकवला वाटेत. पण उद्या सासूबाई यायचं म्हणतायत. गुडघे धरलेत त्यांचे. पायरी घट्ट बसवा हं, बाबा."

नवराबायको वारा खायला पलीकडे गेली. बाबांनी तिचा दगड फिरवून फिरवून पाहिला, पायरीत ठोकला, वरून माती दाबली.



इतक्यात खालून कर्णा ओरडला. ग्रामसभा सुरू होत आहे, ग्रामस्थांनी ताबडतोब यावं.

"बाबा, निघतो. शब्द देताय की नाही, तेवढं सांगा."

"जा. पण परक्यांच्या या पायऱ्यांवर पाय ठेवायचा नाही."

"काय?"

बाबा सगळ्यात वरच्या पायरीवर आडवे पाय पसरून बसले.

मनोहर हसला. बाबा हसले नाहीत. मनोहरनं डावीकडे पाहिलं. करवंदीची जाळी, बोटभर काटे. उजवीकडे पाहिलं. ताशीव कडा, खाली समुद्र फुटत होता.

कर्णा पुन्हा ओरडला. या वेळी नाव घेऊन. श्रीयुत तोडणकर जिथं असतील तिथून लवकर यावं.

"बाबा, पुरे झाली चेष्टा! सगळं गाव खोळंबलंय. पायरी नाही, तर मी उतरू कुठनं?"

बाबांनी हातांची माती लुंगीला पुसली. सावकाश.

"चढलास कुठनं, मेल्या?"