नागोशेटच्या ताटाला पोचा पडला

एका गावात एक नागोशेट होता. तांब्यापितळेच्या भांड्यांचा व्यापारी. माणूस वाईट नव्हता हो! मापात पाप नाही, कुणाला फसवणं नाही. फक्त त्याचा जीव भांड्यांत अडकलेला. घरात त्याने एक खोली खास भांड्यांसाठी ठेवली होती. तिच्यात दोनशे पितळी ताटं, त्यांच्याबरोबरच्या वाट्या, तांबे, पराती. सगळी चिंचेने घासून लख्ख केलेली आणि प्रत्येकावर नाव कोरलेलं. दोन ताटांच्या मध्ये मऊ फडकं. का? तर एकाचा ओरखडा दुसऱ्याला उठू नये! घर म्हटलं की भांड्याला भांडं लागायचंच, असं आपण म्हणतो. नागोशेटच्या घरी तेवढीही सोय नव्हती.

त्याला एक खोड होती. कुणी पाहुणा आला की पाणी द्यायच्या आधी विचारायचा, "सांगा बघू, आयुष्यात सगळ्यांत महत्त्वाचं काय?" कुणी म्हणे तब्येत, कुणी म्हणे देवाचं नाव. नागोशेट हसायचा आणि स्वतःच उत्तर द्यायचा, "जपणूक! जो जपतो, त्याचं टिकतं." मग पाहुण्याला ती खोली दाखवायचा. लांबूनच.

त्या गावात एक जुनी रीत होती. शेजारच्या घरून वाटीभर काही आलं, तर ती वाटी रिकामी परत करायची नाही. भाजी आली तर लोणचं जायचं, खीर आली तर मूठभर शेंगा जायच्या. काहीच नसलं तर चिमूटभर साखर तरी. नागोशेटची बायको कृष्णाबाई लग्न होऊन आली, तेव्हा याच वाट्यांच्या येण्याजाण्यातून तिला गाव आपलं वाटायला लागलं होतं.

एका संक्रांतीला शेजारच्या हौसाबाईने कृष्णाबाईची वाटी परत आणून दिली. वाटीत तिळाच्या वड्या होत्या. नागोशेटने वड्या पाहिल्याच नाहीत. त्याला दिसला वाटीच्या काठावरचा पोचा. तसाच उठला आणि हौसाबाईच्या दारात जाऊन उभा राहिला.

"वहिनी, वड्या राहू द्या. ही वाटी बघा!"

हौसाबाईच्या घरी तेव्हा माहेरची माणसं आलेली होती. बिचारी खाली मान घालून उभी राहिली. नागोशेटला वाटलं, आपण रास्त तेच बोललो. पण गावात अशी गोष्ट झाकून राहते होय? त्या दिवसापासून नागोशेटच्या घरची वाटी कुणी घेईना आणि त्याच्या घरी वाटी कुणी पाठवीना. कृष्णाबाई दुपारी ओट्यावर येऊन बसायची. रस्त्यावरून बायका जायच्या, हसायच्या आणि पुढे जायच्या.

अशी चार वर्षं गेली. मग नागोशेटच्या मुलाला मुलगी झाली. लग्नानंतर नऊ वर्षांनी! नागोशेटचे पाय जमिनीवर ठरेनात. म्हणाला, "बारशाला अख्खं गाव जेवायला. ती दोनशे ताटं काढा!"

कृष्णाबाईला ताटांचं काहीच नव्हतं. तिच्या मनात एकच होतं. घर भरावं, बायकांनी पाळणा म्हणावा, आपल्या नातीचं नाव चारचौघींनी हसतखेळत ठेवावं.

बारशाच्या दिवशी गाव आलं. झाडून सगळं आलं. पण ज्याच्या त्याच्या काखेत घरचं ताट!

नागोशेट लालबुंद झाला. "हे काय? माझ्या दारी येऊन स्वतःच्या ताटात जेवणार?"

हौसाबाई पुढे झाली. हळूच म्हणाली, "रागावू नका, शेट. तुमच्या ताटाला काही झालं, तर घास गोड लागायचा नाही. ना तुम्हाला, ना आम्हाला."

"ते काही नाही! ती ताटं ओसरीवर ठेवा आणि माझ्याच ताटांत जेवा."

लोकांनी ऐकलं. पंगत बसली. दोनशे ताटं अशी झळकत होती की पाहून घ्यावं. पण जेवण? अहो, काय सांगू! माणसं ताट सांभाळत जेवत होती. आया पोरांना दटावत होत्या, "ए, ताट खरवडू नकोस!" वाढपी पळीचा आवाज होऊ देत नव्हते. जिलबी घेऊन नागोशेट स्वतः फिरला, तर जो तो हात आडवा धरी. "नको, शेट. पुरे, शेट." दोनशे माणसं जेवत होती आणि परसातल्या चिमण्या ऐकू येत होत्या.

कृष्णाबाई त्याच्याजवळ आली. तिचे डोळे भरले होते.

"अहो, तेराव्याच्या पंगतीला यापेक्षा जास्त बोलतात हो माणसं. माझ्या नातीचं बारसं आहे आज."

नागोशेटने पंगतीवर नजर फिरवली. इतकी वर्षं त्याने ही ताटं जपली ती कशासाठी? तर एक दिवस घरात असं मोठं कार्य निघावं, गावाने पोटभर जेवावं, म्हणूनच ना? आज ताटं होती, जेवण होतं, गावही होतं. आणि सगळे कधी एकदा सुटतो म्हणून बसले होते. चार वर्षांपूर्वीच्या त्या तिळाच्या वड्या त्याने चाखल्याही नव्हत्या, हे त्याला आत्ता आठवलं.

त्याच्यासाठी वेगळं ताट मांडलं होतं. ते त्याच्या वडिलांचं. सगळ्यांत जड, सगळ्यांत जुनं, त्याचं सगळ्यांत लाडकं. त्याने ते दोन्ही हातांनी उचललं, अंगणात गेला आणि फरशीवर दाणकन आपटलं.

केवढा आवाज झाला! पंगत घास हातात धरून बघत राहिली. पाळण्यातलं बाळ दचकून जागं झालं आणि रडायला लागलं. नागोशेटने ताट उचलून सगळ्यांना दाखवलं. काठाला चांगला बोटभर पोचा पडला होता.

"बघा! पहिला पोचा माझ्या हातचा," तो म्हणाला. त्याच्या तोंडावर हसू होतं. "हौसाबाई, त्या दिवशी मी चुकलो. तुमच्या वड्या न बघता वाटी बघितली. आता या घरात कुणीही काहीही पाडा, आपटा, पण पोटभर जेवा आणि मोठ्याने बोला!"

हौसाबाईच आधी म्हणाली, "अगंबाई! एवढं बाळाला उठवलंत, आता जिलबी तरी आणा. दोन वाढा!"

झालं! अशी हसली पंगत, अशी हसली की विचारू नका. जिलब्या संपल्या, मठ्ठा पुन्हा करावा लागला. कुणाचा तांब्या घरंगळत पार दारापर्यंत गेला, त्याच्याकडे कुणी वळूनही पाहिलं नाही. जेवणानंतर नागोशेटच्या मुलीने, म्हणजे बाळाच्या आत्याने, बाळाच्या कानात नाव सांगितलं. बायकांनी रीतीप्रमाणे आत्याच्या पाठीत असे धपाटे घातले की ती बिचारी "अगं मेले, मेले" म्हणत पाळण्याभोवती पळाली. बाळाचं नाव ठेवलं आनंदी. पाळणा म्हणताना हौसाबाईचा आवाज सगळ्यांच्या वर होता आणि कृष्णाबाई रडत रडत हसत होती.

दुसऱ्या दिवशी सकाळी नागोशेटने ताटं मोजली. हो, सवय कुठे जाते! आपली चाळीस ताटं गायब आणि ओसरीवर गावाची चाळीस ताटं पडलेली. आदल्या दिवशीच्या घाईगर्दीत लोक हाताला लागेल ते ताट घेऊन गेले होते. कृष्णाबाई धास्तावली. पण नागोशेट म्हणाला, "अगं, बघतेस काय? लाडू वळायला घे. आपल्या गावात रिकामं भांडं परत करत नाहीत."

चाळीस ताटं भरून चाळीस घरी गेली. नागोशेटची ताटंही भरून परत आली. कुणाच्या ताटात गूळ, कुणाच्या ताटात शेवग्याच्या शेंगा, हौसाबाईकडून आलेल्या ताटात तिळाच्या वड्या. बऱ्याच ताटांना पोचे होते. नागोशेटने वडी आधी खाल्ली, ताट नंतर बघितलं.

पाहुण्यांना प्रश्न विचारायची त्याची खोड काही सुटली नाही. आयुष्यात सगळ्यांत महत्त्वाचं काय, असं तो अजूनही विचारायचा. पण आता आधी पाणी द्यायचा आणि तेही पोचे पडलेल्या तांब्यातून. पाहुणा विचारात पडला की म्हणायचा, "कुणीतरी आपलं भांडं परत द्यायला यावं. आणि आलं की घटकाभर बसावं."

तात्पर्य: वस्तू जरूर जपाव्या, पण माणसं दुखावतील इतक्या नाही; वस्तूचा पोचा ठोकून काढता येतो, तुटलेलं येणंजाणं जोडायला आधी आपल्यालाच नमावं लागतं.