अबोलीच्या परीची अट

डोंगराच्या कुशीत, जिथून समुद्राची निळी रेघ दिसते अशा जागी एक इवलंसं कौलारू घर होतं. घरापुढे शेंदरी अबोलीचे वाफे आणि घरामागच्या उतारावर करवंदीची हिरवीगार जाळी. त्या घरात सगुणा आणि तिची आई, अशा दोघीच राहायच्या. आई केळीच्या ओल्या दोऱ्यात अबोली गुंफून लांबलांब गजरे करायची आणि देवळापाशी नेऊन विकायची. त्यावर दोघींची चूल पेटायची.

सगुणा लहान होती तेव्हा तिची चिमुकली बोटं आईपेक्षाही भरभर चालायची. मग एकदा तिच्या मानेत गाठ आली. शहरातल्या मोठ्या इस्पितळात डॉक्टर म्हणाले, कॅन्सर आहे. कितीतरी दिवस सुईतून औषधं गेली, मानेला मशीनचा शेक दिला. केस गळले, पापण्यासुद्धा गळल्या. आणि एक दिवस डॉक्टर हसून म्हणाले, "आजार गेला!"

सगळ्या गावाला आनंद झाला. केस परत आले, काळेभोर आणि कुरळे. पण बाकीचं काही परत आलं नाही.

तिची बोटं मुकी झाली होती. फूल हातात आहे की नाही, हे डोळ्यांनी बघितल्याशिवाय तिला कळत नसे. पायातली चप्पल वाटेत कुठे निसटली ते कळत नसे, आणि तेच पाय रात्री असे जळत, जणू तांबड्या मुंग्यांचं वारूळच फुटलंय. डॉक्टरीणबाईंनी सांगितलं होतं, "गळ्यात फुलपाखराच्या आकाराची एक ग्रंथी असते, थायरॉइड. शेकाने ती थकली आहे." म्हणून रोज सकाळी उपाशीपोटी एक बारकी गोळी घ्यायची. गोळी घेऊनही सगुणाला भर उन्हात थंडी वाजे. चेहरा सुजलेला वाटे. विहिरीपर्यंत गेली तरी डोंगर चढून आल्यासारखी ती दमून बसे.

आणि जो भेटेल तो म्हणे, "बरी झालीस ना गं आता!"

एके सकाळी तिने मोठ्या मुश्किलीने एक गजरा पुरा केला. आईने उचलला तशा सगळ्या गाठी सुटल्या. शेंदरी फुलं ओल्या चिखलात विखुरली. आई रात्रभर गजरे गुंफत जागी होती, तीही दमली होती.

"सगुणा, अगं बरी झालीस ना तू? मग जरा मनावर घे की! मी एकटीने किती करायचं?"

सगुणा उठली आणि घरामागच्या उतारावर, करवंदीच्या जाळीपाशी जाऊन बसली. तिला वाटलं, यापेक्षा आजारीच असते तर बरं होतं. तेव्हा निदान सगळ्यांना दिसत तरी होतं.

तेवढ्यात जाळीतून बारीकसा हुंदका आला.

सगुणाने वाकून पाहिलं. काट्यांमध्ये अंगठ्याएवढी एक परी अडकली होती. तिचे पंख अबोलीच्या पाकळ्यांसारखे शेंदरी होते, कडेला सोनेरी झालर होती, आणि केसांत दवाचे टपोरे थेंब लुकलुकत होते.

"हलू नकोस हं," सगुणा म्हणाली. "माझे हात वेंधळे आहेत. मी हळूहळू सोडवते."

तिने दोन्ही हात जाळीत घातले. बोटांना काही कळत नव्हतं, म्हणून ती डोळे ताणून एकेक काटा बाजूला करत राहिली. फार वेळ लागला. शेवटी परी भुर्रकन उडून तिच्या गुडघ्यावर बसली आणि एकदम घाबरली.

"अगं, तुझे हात! केवढं रक्त आलंय! दुखत नाही तुला?"

"नाही," सगुणा म्हणाली. "काहीच कळत नाही."

परीचे पंख मिटले.

"सोनुले, तुझी एक इच्छा मी पुरी करू शकते. माग."

"माझी बोटं मला परत दे. आणि पाय. मला पहिल्यासारखी कर."

"करीन. पण एक अट आहे," परी हलकेच म्हणाली. "तुझा स्पर्श तुझा जीव वाचवताना खर्च झाला. तो आता कुठेच उरलेला नाही. नवा स्पर्श मला घडवता येत नाही, फक्त एकाचा काढून दुसऱ्याला देता येतो. आणि तो अशाच माणसाचा घेता येतो, ज्याची तुझ्यावर सगळ्यांत जास्त माया आहे."

"म्हणजे आईचा?"

"हो. तिला कळणारही नाही कुणी नेला ते. दिवेलागणीपर्यंत विचार कर. मी इथेच आहे."

सगुणा घराकडे निघाली. सकाळचे शब्द अजून टोचत होते. घेतला आईचा स्पर्श तर काय झालं? तिलाही कळू दे मुकी बोटं कशी असतात. मनावर घे म्हणे!

घरी आईने अंघोळीचं पाणी काढलं होतं. नेहमीसारखा तिने पाण्यात हात घातला, थोडं गार पाणी ओतलं, पुन्हा हात घातला. एकदा सगुणाने उकळत्या पाण्यात पाय ठेवले होते आणि फोड येईपर्यंत तिला समजलंच नव्हतं. तेव्हापासून आईने हात घातल्याशिवाय पाणी तिच्यापर्यंत येत नसे.

मग आईला ते ओरखडे दिसले. "हे काय गं?"

तिने सगुणाचा तळवा हातात घेऊन त्यावरून अंगठा फिरवला, अगदी सावकाश. एका जागी अंगठा थांबला. "काटा मोडलाय इथे, आत." वरून काहीच दिसत नव्हतं. आईने सुई आणली आणि नेमका तिथून तो काळा काटा बाहेर काढला.

सगुणा आईच्या हातांकडे बघतच राहिली.

दिवेलागणीला ती पुन्हा जाळीपाशी गेली. आकाश केशरी, जांभळं झालं होतं. परी एका पानावर वाट बघत होती.

"ठरलं का गं?"

"नको," सगुणा म्हणाली, आणि तिला रडू कोसळलं. "आईचा नको. पण मला असं राहायचंही नाही. मला खूप कंटाळा आलाय. मी बरी झालेलीच नाहीये, आणि हे कुणाला सांगताही येत नाही."

परीने तिची समजूत घातली नाही. ती तिच्या गुडघ्यावर येऊन बसली आणि तिला पोटभर रडू दिलं. मग म्हणाली, "दुसऱ्या कुणाचा घ्यायचा नसेल, तर माझा मी देऊ शकते. पण परी केवढीशी! माझा स्पर्श एका बोटाच्या शेंड्यापुरताच पुरेल. बाकी सगळं तसंच राहील, सोनुले. तुला खोटं सांगणार नाही."

"आणि तू?"

"मी उजेडात मिसळून जाईन. उजेडाला स्पर्श लागत नाही."

सगुणा नको म्हणेपर्यंत परीने तिच्या उजव्या हाताच्या पहिल्या बोटाला मिठी मारली होती. शेंदरी, सोनेरी, लखलखीत उजेड फुलला. जाळीतलं पान न् पान झळाळलं, आणि उजेड विरला तेव्हा परी नव्हती.

"सगुणा! कुठे आहेस गं बाय?"

आई धापा टाकत उतार उतरत आली आणि तिच्यासमोर मटकन बसली. आता अंधार पडला होता, आईचा चेहरा दिसत नव्हता. सगुणाने हात पुढे केला. बोट आईच्या गालाला लागलं.

गाल मऊ होता, ऊन होता आणि ओला होता.

"आई, तू रडतेयस?"

बोटाखालून आणखी एक थेंब ओघळला, आणि तो सगुणाला कळला.

"आई, मला तुला काहीतरी सांगायचंय."

"सांग. सगळं सांग."

मग सगुणाने सांगितलं. जळणाऱ्या पायांचं, भर उन्हातल्या थंडीचं, आजारीच असते तर बरं, असं वाटल्याचंसुद्धा. सांगून झालं तेव्हा आईने तिला पाठीवर घेतलं आणि चढण चढायला लागली. सगुणाचे पाय अजून जळतच होते. तिने ते एक बोट आईच्या मानेवर टेकवलं, आणि घर येईपर्यंत उचललं नाही.