कोंढारीत आपला गुलाब आपण छाटत नाही

हे दारोदारचे गुलाब बघा. झाड कमरेएवढं, फूल मात्र वाटीएवढं. आमच्या कोंढारीत गुलाब कुठला लावायचा ही ज्याची त्याची मर्जी, पण आपल्या झाडाची छाटणी आपण करायची नाही. ती शेजाऱ्यानं करायची. हसू नका पाहुणे, यामागं एका आईचा जीव आहे.

फार मागं, असं सांगतात, इथं ठकू माळीण राहायची. तिची एकुलती एक पोर, चिमी, दहा-अकरा वर्षांची होऊन तापात गेली. जाण्याआधी त्या पोरीनं बाजारातल्या ढीगभर रोपांतून एक गावठी गुलाब स्वतः निवडला होता, अंगणात स्वतःच्या हातानं लावला होता. ठकूनं त्याला शेणखत घातलं, पाणी घातलं, पण लोखंड लावू दिलं नाही. "माझ्या चिमीला कापू?" म्हणायची म्हणे. अहो, माळ्याची बाई ती, साऱ्या गावाला छाटणी शिकवणारी! मायेपुढं अक्कल गहाण पडते, दुसरं काय.

सात वर्षांत झाड छपराला टेकलं. फुलं आटली. मग फांद्या शेंड्याकडून काळ्या पडत खाली येऊ लागल्या. झाड जाणार, हे ठकूला कळलं. पोरीची तेवढीच खूण उरली होती. तीनदा कोयता घेऊन गेली, तीनदा तशीच परत आली.

शेवटी दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी ती कुंपणापलीकडं, थोरल्या जावेच्या दारात उभी राहिली. वाटणीवरून दोघींचं बारा वर्षं बोलणं नव्हतं. ठकू म्हणाली, "जाऊबाई, माझ्या झाडावर तुमची माया नाही. म्हणून तुम्हीच छाटा."

सारजा, म्हणजे ती जाऊ, तशीच उठली. कोयत्याला धार लावून आली. ठकू दार लावून आत बसली आणि एकेक फांदी पडताना ऐकत राहिली. सारजानं आत हिरवं लाकूड लागेपर्यंत सगळं काळं काढलं. चार जाड फांद्या ठेवल्या, हातभर उंच, बाहेर तोंड केलेल्या कोंबाच्या डोळ्याच्या वर तिरका काप देऊन. कापांना शेण लावलं. ठकूनं दार उघडलं तर जाऊ झाडाशी बसून ओक्साबोक्शी रडत होती.

"माया नाही म्हणालीस? चिमीला चालायला मी शिकवलं गं!"

कार्तिक सरता सरता झाड फुलांनी लगडलं. पहिलं फूल ठकूनं सारजाच्या अंबाड्यात खोवलं, असं म्हणतात.

आजही दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी इथं छाटणी होते, पण कुणी स्वतःच्या झाडाला कात्री लावत नाही. ज्याच्याशी बोलणं बंद, त्याला आधी बोलवायचं. माझा आणि शेजारच्या दगडू बनकराचा बांधावरून दावा चालू आहे. यंदाही तो आला, मुकाट्यानं माझी झाडं निम्म्यावर आणून गेला. दावा काही मी सोडणार नाही. पण माझं झाड त्याच्या हातून मरायचं नाही, हे छातीठोक सांगतो.