कोल्हा आणि पिंपळाचे पान

एका धुकट जंगलात एक कोल्हा राहत असे आणि मुलांनो, तो चक्क वकील होता. त्या जंगलाचा रिवाज मोठा विचित्र. ज्याच्यावर आरोप असेल, त्याने तोंड उघडायचे नाही. वानर पिंपळाच्या शेंड्यावरून एक वाळके पान सोडी. ते जमिनीला टेकायच्या आत आरोपीच्या बाजूने कोणी बोलले, तर वाघ ऐकून घेई. नाही बोलले, तर आरोपीला मागच्या गुहेत नेत. त्या गुहेतून कोणी परत आल्याचे कोणालाच आठवत नव्हते.

कोल्हा मात्र पान अर्ध्यावर येण्याआधीच बोलू लागे. बोलण्यात त्याचा हात धरणारा कोणी नव्हता. वाघाचा झरा गढूळ केल्याच्या आरोपातून त्याने एका सशिणीला सोडवले, तेव्हा लहान प्राण्यांनी खूश होऊन त्याला कायदे करणाऱ्या सभेत निवडून दिले. तिथे तो वाघाच्या शेजारी बसू लागला आणि त्याच्या अंगावर चांगले बाळसे आले. एकदा वाघ म्हणाला, "ही वकिली फार वेळ खाते." कोल्ह्याने लगेच कायदा केला, की निवाड्यात कोणी दुसऱ्यासाठी बोलू नये; बोलेल तोही गुहेत जाईल.

सशीण धावत आली. "कोल्हेदादा, माझ्या भावावर खोटा आळ आलाय. तुम्ही बोललात तर सुटेल हो."

"बाई, तो धंदा मी सोडला. आता मी कायदे करतो," कोल्हा म्हणाला.

सशिणीचा भाऊ गेला. मग आणखी किती तरी गेले. पाखरेसुद्धा दबकून बोलू लागली. धुके गुहेच्या तोंडाशी बसून असे, दुपारीही हलत नसे.

एके दिवशी वाघाची शिकार चोरीला गेली आणि संशय कोल्ह्यावर आला. खरे सांगते, या वेळी त्याने काहीच केले नव्हते. त्याला पिंपळाखाली उभे केले. वानराने पान सोडले.

"महाराज, मी..."

"आरोपीने बोलायचे नाही," वाघ हळूच म्हणाला.

कोल्ह्याने सशिणीकडे पाहिले. तिचे ओठ हलले. मग तिला बिळातली पिले आठवली असावीत, कारण तिने मान खाली घातली. पान गिरक्या घेत सावकाश येत होते. ते इतके सावकाश येते, हे कोल्ह्याला आजवर कधी कळलेच नव्हते.

पान जमिनीला टेकले. एवढ्या मोठ्या सभेत तेवढाच आवाज झाला, आणि तो सगळ्यांना ऐकू आला.

तात्पर्य : इतरांची तोंडे बंद करणाऱ्यावर वेळ आली, की त्याच्यासाठी बोलणारे तोंडही उरत नाही.