साळिंदराने वाटलेले काटे

फार जुनी गोष्ट. एका चिंचेवर पुष्कळ खारी राहायच्या. साप दिसला की एक खार ओरडायची, मग सगळ्या मिळून असा कलकलाट करायच्या की सापाला पळता भुई थोडी व्हायची. एकदा साळिंदराने त्यांना विषात बुडवलेले काटे वाटले. "आता ज्याचं त्याने बघावं," तो म्हणाला. ढोलीढोलीत काटे आले आणि ओरडणं बंद पडलं.

एके दुपारी झिपरी खारीची दोन पिल्लं एका गाभुळलेल्या चिंचेवरून भांडली. एकाने ढोलीतला काटा उचलून दुसऱ्याला टोचला. ते खाली पडलं, ते उठलंच नाही.

साळिंदर सांत्वनाला आला. "काट्याचा काय दोष, बाई? पिल्लांना वळण हवं. दोघांकडेही काटे असते तर..."

झिपरी उसळली. "वळण? कालही ती अशीच भांडली, एकमेकांना चावलीसुद्धा! आणि मग बिलगून झोपली. भांडण रोजचंच होतं रे मेल्या, काटा तेवढा तुझा होता!"

तिने काटा त्याच्या अंगावर भिरकावला आणि शेंड्यावर चढून ती जिवाच्या आकांताने ओरडू लागली. झाडाखाली साप नव्हता, साळिंदर होता. तरी एकेक खार ढोलीबाहेर आली आणि तिच्या सुरात ओरडू लागली.