काळा चष्मा

मंगळवारी मी गच्चीवर कपडे वाळत घालत होतो, तेव्हा फोन आला. धाकटी बहीण मृणाल गेली. पिळलेला टॉवेल हातातच राहिला.

आठवली ती तिची पहिली राज्य स्पर्धा. अंध जलतरणपटूंनी काळा चष्मा लावायचा, म्हणजे कुणी चोरून पाहणार नाही, असा नियम होता. तिचा चष्मा मी घरी विसरलो होतो.

"चष्मा नाही, तर शर्यत नाही," मुख्य पंच म्हणाले. "नियम सगळ्यांना सारखा."

मृणालने आपले दोन्ही कृत्रिम डोळे काढले आणि पंचांच्या तळहातावर ठेवले.

"साहेब, मूठ मिटा. आता मी चोरून पाहिलंच, तर तुमच्या बोटांच्या फटीतून पाहीन."

पंचांनी मूठ घट्ट मिटली. शर्यतीची शिट्टी दुसऱ्याच कुणीतरी वाजवली.

चष्मा विसरल्याबद्दल तिची माफी मागायची राहून गेली.