वळवळ्याचं पांघरूण

एका घरामागे एक वाफा. वाफ्यात वांग्याचं झाड. झाडाखाली वाळलेला पाला. आणि पाल्याखाली कोण? इवलंसं गांडूळ. नाव त्याचं वळवळ्या.

पाला म्हणजे वळवळ्याचं पांघरूण. त्याखाली माती कशी गार, ओली, मऊ. वळवळ्या खायचा, लोळायचा आणि झोपायचा.

एका सकाळी बाबा आले. जेवायला मावशी येणार होती ना. मग बाग कशी लख्ख हवी! खर्र खर्र, खर्र खर्र. बाबांनी वाफाच झाडून काढला. पाला गेला कुंपणाच्या कोपऱ्यात. हौशी माणूस, काय सांगावं.

वळवळ्या उघडा पडला. ऊन चढलं. माती तापली. अंग सुकायला लागलं. वळवळ्या घाबरला आणि निघाला, सुळुक सुळुक, सुळुक सुळुक.

"पाल्या पाल्या, परत चल. पांघरूण मिळेना."

पाला म्हणाला, "मी नाही येत जा. मला कुठे पाय आहेत? टोपली नेईल तर येईन."

सुळुक सुळुक, सुळुक सुळुक.

"टोपलीबाई, टोपलीबाई, पाला ने. पाला येईना, पांघरूण मिळेना."

टोपली म्हणाली, "मी नाही नेत जा. सावनी उचलेल तर नेईन."

सुळुक सुळुक, सुळुक सुळुक. सावनी म्हणजे बाबांची लेक. पायरीवर फतकल मारून बसलेली. गाल फुगलेले.

"सावनी सावनी, टोपली उचल. टोपली नेईना, पाला येईना, पांघरूण मिळेना."

सावनी म्हणाली, "मी नाही उचलत जा. मला भूक लागलीय. आई भरीत देईल तर उचलीन."

सुळुक सुळुक, सुळुक सुळुक. आई मागच्या दारी, चुलीपाशी.

"आई आई, भरीत दे. सावनी उचलेना, टोपली नेईना, पाला येईना, पांघरूण मिळेना."

आई म्हणाली, "मी नाही देत जा. चूल पेटलीय, पण वांगं कुठंय? झाड वांगं देईल तर भरीत देईन."

सुळुक... सुळुक... वळवळ्या दमला बिचारा.

"झाडा झाडा, वांगं दे. आई भरीत देईना, सावनी उचलेना, टोपली नेईना, पाला येईना, पांघरूण मिळेना."

झाड म्हणालं, "मी नाही देत जा. माझी मुळं उपाशी. चिमूटभर खत मिळेल तर देईन."

खत? आता ते कुणाकडे मागायचं? वळवळ्या रडकुंडीला आला.

झाड हसलं, खुदुखुदु. "अरे वेड्या, काखेत कळसा अन् गावाला वळसा. ही काळी काळी, बारीक बारीक गोळी कुणाची?"

गांडुळाला कुठली आली काख! पण वळवळ्याने वळून पाहिलं आणि तो लाजला.

"ती? ती तर माझी शी."

"तेच तर माझं खत," झाड म्हणालं.

मग काय! वळवळ्याने सगळी शी ढकलत ढकलत मुळाशी नेली.

वळवळ्याने खत दिलं. झाडाने पानाआड लपवलेलं वांगं दिलं, टुप्प. आईने वांगं भाजलं, तडतड तडतड, आणि भरीत दिलं. सावनीने भरीत खाल्लं, मचमच मचमच. बोटंसुद्धा चाटली. सावनीने टोपली उचलली, हुश्श. टोपलीने पाला नेला. पाला आला, सळसळ सळसळ, वळवळ्याच्या अंगावर. वरून सावनीने तांब्याभर पाणी शिंपडलं.

तेवढ्यात बाबा आले. हातात झाडू. "अगं, पुन्हा कचरा?"

"कचरा नाही बाबा. वळवळ्याचं पांघरूण आहे ते."

बाबांनी डोकं खाजवलं. झाडू कुंपणाला टेकवला. कोपऱ्यातला उरलेला पाला ओंजळीत आणला आणि हळूच वाफ्यावर पसरला.

वळवळ्याला पांघरूण मिळालं. वळवळ्या झोपला.

तुमचं पांघरूण कुठंय?